रात्रपाळीची झोप आणि शहराचा गोंगाट



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्या वेळी सभेत ध्वनिवर्धक नव्हता. वक्त्याची छाती आणि श्रोत्यांची शिस्त एवढ्या भांडवलावर सभा चाले. मागच्या रांगेतल्याला ऐकू यावे म्हणून पुढच्याने आपला खोकला दाबायचा, असा तो व्यवहार होता. पुढे यंत्र आले, सोय झाली. मी आज बोलतो आहे तेही त्याच यंत्रातून तुमच्यापर्यंत पोचते आहे. तेव्हा यंत्राला शिव्या देण्याचा मला अधिकार नाही, आणि तसा माझा विचारही नाही.

माझा विषय घरातल्या माणसाचा आहे. बाहेर गोंगाट चालला असता घरात ज्याला तो सोसत नाही, त्याने काय करावे, आणि आजवर अशा माणसाची दाद कोणी कशी घेतली, एवढेच मला पाहायचे आहे. गोंगाटाविषयी बोलू लागलो की आपल्या डोळ्यांपुढे अभ्यास करणारा विद्यार्थी येतो, अंथरुणाला खिळलेला आजारी येतो, म्हातारे आईवडील येतात. हे सारे खरेच आहेत. परंतु आणखी एक माणूस आहे, आणि तो सहसा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, कारण तो त्या वेळी दार लावून झोपण्याची खटपट करीत असतो. तो रात्रपाळीचा कामगार. मी पंडित नाही. माझी शाळा दहावीला सुटली, मग लेथवर उभा राहिलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. वाचन झाले ते सार्वजनिक ग्रंथालयात आणि बसच्या प्रवासात. पण या झोपणाऱ्या माणसाला मी तीस वर्षे ओळखतो, आणि त्याच्या बाजूने इतिहास वाचला तर तो जरा निराळा दिसतो.

जुने पुणे शांत होते, अशी एक समजूत आहे. ती खरी धरू नये. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना होता, चौघडा झडत असे. देवळांच्या घंटा, पहाटेची जाती, टांग्यांच्या आणि छकड्यांच्या धावा, हे सर्व होतेच. पेशवाईत रात्रीची तोफ झाली की परवान्यावाचून रस्त्यावर फिरण्यास मनाई असे. तो बंदोबस्त चोरचिलटांसाठी होता हे उघड आहे. पण त्याच्या पोटी गावाला झोपही मिळत असली पाहिजे. शहराच्या सगळ्या कानांसाठी एकच घड्याळ होते. दिवस कामाचा आणि रात्र निजेची, यात कोणाला शंका नव्हती.

त्या पुण्यातला खरा गोंगाटाचा धंदा पाहायचा तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावे. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेले तांबट येथे वसले. राहते घर आणि कारखाना एकाच छपराखाली. तांब्याचा पत्रा ऐरणीवर धरून हातोड्याने सारखे ठोके द्यायचे, भांडे मठारायचे, ते चकाकेपर्यंत सोडायचे नाही. एका घरात ठोका पडला की दुसऱ्या घरात त्याला जबाब मिळायचा. उन्हाळ्यात झाडावर बसून एकसारखा टुक-टुक करणाऱ्या एका पाखराला आपण तांबट म्हणतो, ते उगाच नाही. आता या आळीत काय होत असेल? तान्हे मूल त्या ठोक्यांत झोपत होते, म्हातारा त्यातच आजारी पडत होता. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा आवाज हाताचा होता. हात थकला की आवाज थांबे. चौघड्याचेही तेच, वाजंत्र्याचेही तेच. माणसाच्या दमाला जी मर्यादा, तीच आवाजाला मर्यादा. पुढे यंत्र आले तेव्हा मोडली ती ही मर्यादा.

तांबटाच्या कानाचे काय होते, हे अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने लिहून ठेवले आहे. व्हेनिस शहरात तांबटांची अशीच एक वेगळी वस्ती होती. दिवसभर ठोकाठोक करून या लोकांचे कान आधी मंद होतात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्याने नोंदवले. रोग्याला इतर प्रश्न विचारता तसा ‘तुझा धंदा कोणता?’ हाही विचारा, असे वैद्यांना सांगणारा हाच तो गृहस्थ. कामगार चळवळीने त्याचा फोटो भिंतीवर लावला तर वावगे होणार नाही. त्यानंतर १८८६ साली ग्लासगोमधल्या टॉमस बार या डॉक्टराने शंभर बॉयलर कामगारांचे कान तपासले. बॉयलरला बाहेरून रिव्हेट ठोकायचे आणि आत एका माणसाने टेका देऊन बसायचे, असे ते काम. शंभरांत एकाचाही कान पूर्ण शाबूत निघाला नाही. सभेत बसले तर भाषण नीट ऐकू येते काय, असेही बारने त्यांना विचारले होते, आणि बहुतेकांना ते येत नव्हते. आपण व्याख्यान ऐकायला येणारी माणसे आहोत, म्हणून मुद्दाम सांगतो. ज्याचा कान कारखान्याने नेला, त्याच्याकडून सभा, कीर्तन, नाटक, नातवाचे बोबडे बोल, सगळेच गेले.

आता घरातल्या शांततेकडे वळू. ती मागण्यासाठी पहिली मोठी आरडाओरड कोणी केली? लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज नावाचा गणिती होता. आजच्या संगणकाची मूळ कल्पना त्याची. हा माणूस रस्त्यावरच्या पेटीवाल्यांच्या संगीताने इतका पिडला की त्याने वर्षानुवर्षे त्यांच्याशी लढाई मांडली. पोरेसोरे मुद्दाम त्याच्या दाराशी येऊन वाजवीत. शेवटी १८६४ साली पार्लमेंटने कायदा केला. घरात कोणी आजारी असेल, किंवा घरातल्या माणसाच्या नित्याच्या उद्योगात व्यत्यय येत असेल, तर घरवाल्याने वाजवणाऱ्याला निघून जाण्यास सांगावे आणि त्याने जावे, असा तो कायदा. बॅबेजविषयी मला सहानुभूती आहे. डोक्याने काम करणाऱ्याला निवांतपणा लागतो हे खोटे नाही. पण पेटीवाले बहुतेक इटलीतून आलेली गरीब माणसे होती आणि त्यांचे पोट त्या पेटीवर होते. गोंगाटाच्या प्रत्येक भांडणात हा पेच असतो. एकाची झोप आणि दुसऱ्याची भाकरी समोरासमोर उभी राहतात. आपल्याकडे लग्नसराईत बँडवाले आहेत, गणपतीत भिंतीएवढे स्पीकर टेंपोवर चढवणारी पोरे आहेत. ती पोरे त्या भिंतीच्या पायथ्याशी रात्रभर उभी असतात, आणि त्यांच्या कानांची विचारपूस कोणी केल्याचे मी पाहिलेले नाही.

आपल्या देशात यंत्राचा आवाज आला तो गिरणीबरोबर. मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. पुण्यात स्टेशनजवळची राजाबहादूर मिल १८९३ ची. साच्यांच्या खात्यात हजारो साचे एकदम खडखडू लागले की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. विणकर हातवारे करून, ओठांकडे पाहून बोलत. पण याहून मोठी उलथापालथ केली ती विजेच्या दिव्याने. तोवर सूर्य मावळला की गिरणी थांबे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे सर्रास लागले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. ओरड झाली, चौकश्या बसल्या, आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. पुढे १९२२ साली आठवड्याचे तास साठ झाले, १९३४ साली चौपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस.

आठ तासांचा दिवस ही आमच्या चळवळीची मोठी जीत. तिच्यासाठी माणसे तुरुंगात गेली, उपाशी राहिली. परंतु हिशेब पुरा सांगायचा तर हेही सांगितले पाहिजे की आठ तासांनी चोवीस तासांचे तीन सारखे भाग पडतात. मालकाच्या यंत्राला झोप लागत नाही. मग पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. दोन पाळ्या तर १९३० नंतरच रुजू लागल्या होत्या, महायुद्धाच्या काळात तिसरीही वाढली. गावाचे एकच घड्याळ होते ते मोडले. आता एका चाळीत एकाच वेळी एकाची सकाळ, दुसऱ्याची दुपार आणि तिसऱ्याची मध्यरात्र असे.

गिरणगावातल्या खोल्यांची रचनाच त्यावर बेतलेली होती. दहा-बारा गडी मिळून एक खोली. सगळे एकाच वेळी निजले तर जागा पुरणार नाही, म्हणून पाळीपाळीने निजायचे. एक उठून भोंग्याच्या दिशेने चालू लागला की त्याच्या ऊबदार वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. व्हरांड्यात नळावर भांडण, खाली फेरीवाला, वर कोणाचे बारसे, आणि या सर्वांत त्याने सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत झोपायचे. (भोंगा हा शब्दही पाहा. ज्या भोंग्याने गिरणगाव जागे होई, तो शब्द गिरण्या बंद पडल्यावर बेकार झाला. २०२२ साली तो राजकारणात पुन्हा कामावर रुजू झाला. गिरणीचा भोंगा निदान वेळेवर वाजून थांबत असे.)

ज्यांचे बिऱ्हाड होते त्यांची गोष्ट वेगळी. तेथे रात्रपाळीच्या माणसाला झोप मिळाली ती बायकांच्या कष्टातून. हे इतिहासात कोठे लिहिलेले नसते, म्हणून सांगतो. पोराला दटावून खाली खेळायला पाठवायचे. भांडी घासायची ती एकावर एक न आदळता. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून डाळ पातेल्यात शिजवायची. दारावर कोणी आले तर कडी वाजायच्या आत दार उघडायचे. दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई सात तास पावलांचा आवाज न करता वावरते, ही काय साधी गोष्ट आहे? आणि खालच्या चौकात मंडळाने स्पीकर लावला की तिची सगळी तपश्चर्या एका गाण्यात वाया जाई. कारखान्याने रात्रपाळीचा भत्ता दिला, तोही आम्ही भांडून मिळवला. पण त्या भत्त्याची अर्धी मानकरी कोण, हे करारात लिहिण्याची प्रथा नाही.

पुण्याकडे हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर आला. खडकीला कारखाने वाढले, पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, १९६२ पासून औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनीवर आकुर्डी-चिंचवड-भोसरी हा सारा पट्टा भरत गेला. कंपनीच्या बसमधून सकाळी उतरणारी, डोळे तांबारलेली माणसे पेठांमध्येही दिसू लागली. आज तर रात्रपाळी कारखान्यापुरती राहिली नाही. परिचारिका आहेत, पहारेकरी आहेत, एस्टीचे चालक-वाहक आहेत, आणि हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारी सुशिक्षित मुलेमुली आहेत. ती स्वतःला कामगार म्हणवून घेत नाहीत, हा भाग निराळा; त्यांची झोप मात्र कामगाराचीच आहे.

आता सरकारदरबारी काय झाले ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात आवाजावरून मोठा तंटा झाला तो १८९४ साली, मशिदीवरून वाद्ये नेण्याच्या प्रश्नावर. दंगा झाला, खटले झाले, वर्तमानपत्रांतून महिनोन्‌महिने वाद गाजला. त्याची बरीवाईट मीमांसा इतिहासकारांनी केलीच आहे. मला त्यातली एकच गोष्ट पुढे आणायची आहे. तेव्हापासून आपल्याकडे आवाजाचा प्रश्न निघाला की तो या समाजाचा की त्या समाजाचा, असाच निघतो. त्यामुळे दोन्ही समाजांतला झोपलेला माणूस बाजूला पडतो. शेजारी स्पीकर लागला आणि कोणी तक्रार केली, तर त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो त्याच्या निष्ठेविषयी. तो सकाळी साडेसातला घरी आला आहे, हे कोणी विचारीत नाही.

कायद्याची साधने पूर्वीपासून होती. १८६० च्या दंडसंहितेत सार्वजनिक उपद्रवाचे कलम होते. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ते आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने वाद्ये आणि गोंगाट शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रासदायक होत असल्यास बंद करण्याचा अधिकार पोलिसांना दिला. १९८७ साली हवेच्या प्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आवाज हाही प्रदूषण करणारा पदार्थ ठरला. आणि २००० सालच्या फेब्रुवारीत ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम आले. या नियमांचे आकडे प्रत्येकाने पाठ करावेत अशा लायकीचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तेथे ५० आणि ४०. डेसिबलचे गणित किराणा मालासारखे नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दसपट होते, वीस वाढले की शंभरपट.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी या विषयावर जो मोठा निकाल दिला, त्याच्या मुळाशी एक भयंकर घटना आहे. १९९८ च्या आरंभी वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, तिने केलेला आक्रोश शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या गाण्यात बुडून गेला, आणि त्याच दिवशी तिने स्वतःला पेटवून घेतले. ती बातमी वाचून एका इंजिनिअराने अर्ज केला. झोप मोडणे हा गोंगाटाचा लहान अपराध आहे. त्याचा मोठा अपराध हा, की तो चालू असता माणसाची हाक माणसाला पोचत नाही.

पुढे १६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक लावणे हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, असे स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने तक्रारदाराचे नाव उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी असे सांगितले. आमच्या वस्त्यांत या दुसऱ्या गोष्टीचे मोल फार मोठे आहे, कारण मंडळाच्या पोरांच्या तोंडाला तोंड देऊन त्याच गल्लीत राहायचे असते.

पण रात्रपाळीवाल्याच्या दृष्टीने या नियमांत एक भोक आहे. नियमांत दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. तोफेचे जुने घड्याळ येथे परत आले आहे. ज्याची रात्र सकाळी आठला सुरू होते त्याला ४५ डेसिबलची शांतता कायद्याने कधीच मिळायची नाही. त्यातही सार्वजनिक जागेतल्या ध्वनिवर्धकाला त्या जागेच्या हद्दीवर नेमलेल्या पातळीपेक्षा दहा डेसिबल अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुभा आहे. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. झोपेच्या ४५ शी ताडून पाहा, शंभरपट झाली. शांतता क्षेत्राच्या यादीत आजारी आहे, विद्यार्थी आहे, न्यायाधीश आहे. बॅबेजच्या लंडनहून आपण फार पुढे आलो असे मला दिसत नाही.

आणि जे मिळू शकते तेही आपण घेत नाही. लोकांच्या मनात सगळा कायदा ‘दहाच्या ठोक्या’त येऊन बसला आहे. रात्री दहा वाजले की फोन करायचा, आणि त्याआधी कितीही वाजवले तरी चालते, अशी पोलिसांचीही समजूत दिसते. ती चूक आहे. दुपारी दोनलाही मर्यादा आहे, आणि दुपारी दोनलाही ११२ या क्रमांकावर फोन करता येतो.

विसर्जनाच्या दिवसाचे बोलल्यावाचून पुण्यात हा विषय पुरा होत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी गेली वीसहून अधिक वर्षे त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत उभे राहून आवाज मोजतात. हे काम मला फार मोलाचे वाटते. २०२२ आणि २०२३ या दोन्ही साली त्यांची सरासरी १०० डेसिबलच्या वर गेली. कारखान्यात आठ तासांसाठी ९० ही हद्द मानली गेली आहे, आणि मिरवणूक चोवीस तासांहूनही लांबते. २०२४ साली हरित लवादाने एका ढोल-ताशा पथकात तीसच माणसे असावीत असा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबरला तो स्थगित केला. ढोल हाताने वाजतो, आणि हाताच्या आवाजाविषयी मी आरंभी जे बोललो ते मागे घेत नाही. पण शंभर हात एकाच चौकात, दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमध्ये वाजू लागले की हाताची मर्यादा कागदावरच राहते. वर्षातले दोन दिवस शहराने मोकळे व्हावे, याच्या मी आड येत नाही. माझी तक्रार उरलेल्या दिवसांची आहे.

आता जो सोसू शकत नाही त्या माणसाविषयी. त्याला घरात ऐकावे लागते, ‘होईल सवय.’ शेजारी म्हणतो, ‘आम्हाला नाही त्रास होत, तुम्हालाच बरा होतो.’ याचा शास्त्राने तपास केला आहे. वाइनस्टीन या अमेरिकन संशोधकाने वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना वर्षभर प्रश्न विचारून १९७८ साली निष्कर्ष छापला. आवाज मुळातच अधिक जाणवणारी काही मुले होती. त्यांना वर्षाच्या अखेरीस सवय झाली नव्हती, उलट त्रास वाढला होता. याचा अर्थ असा की हा दुखणाईतपणा नाही, हट्टही नाही. काहींची कातडी उन्हाने चटकन भाजते तसा हा देहाचा स्वभाव आहे.

आमच्या लोकांत तर याला आणखी एक गाठ आहे. प्रेसशॉपमध्ये वीस वर्षे काढलेल्या माणसाचा कान अधू होतो. हळू बोललेले त्याला ऐकू येत नाही, म्हणून घरचे त्याला बहिरा म्हणतात. पण याच कानाला मोठा आवाज पुष्कळदा धडधाकट कानापेक्षा जास्त असह्य होतो. मधला पल्ला तुटलेला असतो. आवाज येत नाही, येत नाही, आणि आला की एकदम आदळतो. असा माणूस ‘स्पीकर बंद करा’ म्हणून खाली आला की पोरे हसतात, बहिऱ्याला कसला स्पीकर म्हणून. मी त्याला चेष्टा म्हणत नाही. हे अज्ञान आहे. कामगाराच्या दुखण्यांच्या यादीत गोंगाटाने येणारे बहिरेपण फॅक्टरी कायद्याच्या परिशिष्टात कधीच नोंदले गेले. त्याचे हे दुसरे अंग घरी कोणी समजावून सांगितले नाही.

सवयीची गोष्ट मुलांतही खोटी ठरली. न्यू यॉर्कमध्ये एका शाळेच्या खिडकीजवळून उन्नत लोहमार्ग जात होता. ब्रोन्झाफ्ट या बाईंनी १९७५ साली दाखवून दिले की रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुले वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांहून जवळजवळ वर्षभर मागे पडली होती. मग रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गाच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि फरक मिटला. ती मुले मनाचा निग्रह करून पुढे आली नाहीत. रूळ दुरुस्त केले म्हणून आली.

घरातल्या घरात जे करता येते तेही थोडे सांगतो. आवाज पाण्यासारखा फटीतून शिरतो. भिंत कितीही जाड असो, दाराखाली बोटभर फट असली तर ती फुकट जाते. म्हणून पहिला खर्च फटींवर करावा, दाराच्या चौकटीला रबरी पट्टी आणि उंबऱ्याशी घट्ट गुंडाळी. खिडकीला पातळ पडदा लावून काही होत नाही, तेथे वजन लागते. जाड काच, किंवा जुन्या लाकडी झडपा असतील तर त्याच. गोधड्या-पुस्तकांनी भरलेले कपाट गोंगाटाच्या भिंतीला लावावे. कानात कापूस घालतात त्याने फारसे साधत नाही, कारखान्यात मिळते तसली फोमची बुचे साधतात. पंख्याचा एकसुरी आवाज मधूनमधून येणाऱ्या आवाजांना झाकतो. हे सारे करावे. पण हे करूनही स्पीकरचा घुमणारा खर्ज भिंतीतून येतोच, आणि तो अडवणे एका बिऱ्हाडाच्या ऐपतीबाहेरचे आहे.

म्हणून आमच्याकडच्या एका कामगार वस्तीत काही वर्षांपूर्वी काय केले ते सांगतो. मंडळाचे कार्यकर्ते, पाळीवर जाणारे लोक आणि घरच्या बायका अशी समाजमंदिरात बैठक घेतली. युनियनच्या सवयीने मी मागण्या लिहून नेल्या होत्या. दोन तास वादावादी झाली. मंडळाच्या पोरांत चौघांचे बाप रात्रपाळीला जाणारे निघाले, तेव्हा आवाज खाली आले. ठरले ते असे: आरती सोडून स्पीकर दुपारी चारच्या आधी लागणार नाही, तोंड हमरस्त्याकडे करायचे, घरांकडे नाही, वर्षातले चार दिवस मोकळे, ते आधी फळ्यावर लिहायचे, आणि कोणत्या इमारतीत कोण कोणत्या आठवड्यात रात्रपाळीला आहे, त्याची यादी मंडळाच्या फळ्यावर लावायची. शेवटचे कलम एका बाईंनी सुचवले. त्याच बैठकीत बायकांनी पुरुषांना ऐकवले की दुपारी घरघंटी लावू नका म्हणता, मग दळण रात्री दहानंतर तुम्हीच करा. त्याचीही वेळ ठरली. कागदावर सह्या झाल्या. त्या कागदाला कोर्टात काडीची किंमत नाही, पण तो बऱ्यापैकी पाळला जातो. संक्रांतीला मोडतो, आणि क्रिकेटची मॅच जिंकली की मोडतो.

गेल्या वर्षापासून मात्र नवीन पेच आला आहे. वस्तीच्या मागे जुन्या इमारती पाडून टॉवर उभा राहतो आहे. सकाळी आठला काँक्रीट फोडायचे यंत्र सुरू होते ते संध्याकाळपर्यंत. लोक ठेकेदाराकडे गेले, त्याने दुपारी एक ते तीन यंत्र बंद ठेवण्याचे कबूल केले. तेव्हा कळले की रात्री काँक्रीट ओतणारी टोळी त्याच जागेवर पत्र्याच्या खोल्यांत राहते. बिहार, झारखंडकडची माणसे. दिवसा त्या यंत्रापासून वीस पावलांवर झोपतात. आमच्या फळ्यावर इमारतींची नावे आहेत, पत्र्याच्या खोल्यांना नाव नाही. त्यांची यादी कोठे लावायची, हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आहे.